भोंग्याची साक्ष

१

किसनराव मुकादमाचा पाय मशीनच्या बकेटखाली सापडला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनवाला. दहा वाजता त्याला खाटेवर घालून परतवाड्याच्या दवाखान्यात रवाना केलं, आणि अकरा वाजता मशीन चालवणाऱ्या धर्मपालला टिनाच्या गोदामात कोंडून बाहेरून कुलूप घातलं. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही म्हणजे वामनराव आणि मी.

वामनराव अकोल्याचे. दिवसा मोटारींची वायरिंग दुरुस्त करायची आणि एकादशीला देवळात कीर्तनाला उभं राहायचं, असे त्यांचे दोन उद्योग. मी शालिकराम. दिवसा त्यांचे पाने-पकडी सांभाळणार आणि कीर्तनात त्यांच्यामागे पेटी धरणार. चौदा वर्षं त्यांच्या आवाजाला सूर दिल्यावर त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थही मला कळू लागला होता.

साल १९६६. सेमाडोहच्या वाटेला फुटणारा एक नवा रस्ता जंगलातून काढणं चालू होतं. डाव्या हाताला उभा काळा कातळ, उजव्या हाताला दरी, आणि मधली खिंड बरोबर एका मशीनच्या रुंदीची. त्या खिंडीत बूच बसवावं तसं ते पिवळं परदेशी खोदाई मशीन उभं होतं. पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही असा हुकूम. त्यामुळे पलीकडच्या तळावरची चाळीस माणसं तिकडेच अडकलेली. गाडी आत जात नव्हती, शिधा येत नव्हता. आम्ही मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांवरून चढून पलीकडे उतरलो, तेव्हा मला उगीचच वाटलं की आपल्यामागे दार लागलं.

ओव्हरसियर साहेब तंबूबाहेरच उभे होते. हातात कागद तयार.

"वामनराव, फार काही करायचं नाही. मशीन तपासा आणि मशीन निर्दोष आहे एवढं लिहून द्या. चार वाजता फौजदार येतायत."

"आनि लिहून देल्लं तं?"

"मग बकेट त्याने मुद्दाम टाकली, हे उघडच आहे. मुकादमाशी त्याचं वैर होतं. सगळा तळ सांगेल."

वामनरावांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. "आधी मशीन पाहू द्या, साहेब. सही काय, चार वाजेलोक कवाबी होते."

तेवढ्यात गोदामाच्या आतून टिनावर तीन थापा पडल्या. सावकाश, मोजून मारल्यासारख्या. कोणी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

२

त्या मशीनची करामत थोडी सांगायला हवी. टोकाला बकेट असलेला त्याचा लोखंडी हात तेलाच्या दाबाने वर जाई, आणि तो दाब धरून ठेवणारा एक व्हॉल्व्ह होता. व्हॉल्व्ह मिटून धरायला विजेची कॉइल. कॉइलला वीज आहे तोवर हात वर. वीज गेली की व्हॉल्व्ह उघडणार, तेल टाकीत परत जाणार आणि हात खाली येणार. बनवणाऱ्याचा विचार असा की बिघाड झाला तर हात अधांतरी लटकू नये, जमिनीवर टेकावा.

"म्हंजे कॉइलची वीज एक पळ तुटली अशीन, तं हात पडला अशीन," वामनराव म्हणाले. "कोठी तुटली, तेवढंच पाहाचं."

मशीन चालवायला बदली ऑपरेटर श्रावण आला. पंचविशीचा, केसांना तेल, तोंडात पान. सीटवर असा बसला जणू ती कायमची मिळालीच.

"काही नाई सापडनार, काका," तो म्हणाला. "किसनरावचा पाय दबला तवा त्याच धर्मपालनं लिव्हर वढली अन् हात सपकन वर गेला. बिघडलेलं मशीन असं उठते काय?"

ही गोष्ट वाईट होती. बिघाड असता तर हात उठलाच नसता. आणि हात उठवून मुकादमाला सोडवणारा धर्मपालच. त्याने केलेलं चांगलं कामही त्याच्यावरच उलटलं होतं.

श्रावणने हात वर नेला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. हात ढिम्म. आम्ही वायरी हलवल्या, कॉइल चाचपली, फ्यूज काढून घासून बसवला. बॅटरी उत्तम. स्टार्टरला धक्का लागताच इंजिन उठत होतं. तीन वेळा हात वर नेला, तीनही वेळा तो तसाच राहिला.

शेवटी केबिनमागची झाकणी राहिली होती. वामनरावांनी ती उघडली. आत पाच-सहा काळ्या वायरी एका बोल्टवर येऊन मिळत होत्या, आणि त्या बोल्टला कोणी तरी शेंदूर फासला होता. गडद, चकचकीत, मारुतीच्या अंगावर असतो तसा. वर एक लाल नाडा बांधलेला.

वामनरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली, हात जोडले. मीही जोडले. त्यांनी हलकेच झाकणी लावली.

"खंडेनवमीची पूजा झालेली दिसते," ते म्हणाले. "बरं झालं, बाप्पा."

दोन वाजले होते. ओव्हरसियर साहेब मशीनच्या पायरीपाशी आले आणि दौत-टाक आमच्यासमोर ठेवला.

"मग? लिहिताय ना?"

वामनरावांनी टाक उचलला. शाईत बुडवला. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "ज्याच्यावर लिहून राह्यलो, त्याच्याशी एक शब्द बोलू द्या."

३

गोदामाचं कुलूप उघडायला साहेब तयार नव्हते. मग आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिथे टिनाला बोल्टचं एक रिकामं भोक होतं, बोराएवढं. आश्विनातलं ऊन त्या टिनावर सकाळपासून पडत होतं. मी हात टेकवला आणि लगेच काढला. आत माणूस होता.

"धर्मपाल भाऊ, मी अकोल्याचा वामन. वायरमन."

"पानी हाय काय?" आतून आवाज आला.

भोकातून पाणी कसं देणार? मी धावत जाऊन स्वयंपाकाच्या छपरामागून पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला. त्यातून धार सोडली. तो कितीतरी वेळ पीत होता.

"आता पुसा, काय विचाराचं ते," तो म्हणाला.

"मुकादमाचं अन् तुमचं काय होतं?"

"छप्पन सालापासून मी धर्मपाल. कागदावर, पगाराले, समद्याईकडं. तो मले अजूक जुन्याच नावानं हाका मारे. मी वळून नाई पाहो. यवढंच होतं."

"खंडेनवमीले भांडण झालं म्हणतात."

"तो म्हने मशीनची पूजा कर. म्या म्हनलं, मी दीक्षा घेतली, मी करत नाई, तुमाले करायची तं खुशाल करा, पन गियरात नारयाचं पानी सांडू नका. तो म्हने मंग मशीन खाईन तुले. तुमी किती वायरी पाह्यल्या?"

"समद्या."

"हात पडला का?"

"नाई. तीनदा पाह्यलं."

"भोंगा देल्ला होता?"

"भोंगा? त्याचा काय संबंध?"

"मले मालूम नाई संबंध. जसं झालं तसं सांगतो. दसऱ्याले काम बंद होतं. काल सकाळी चालू करताना भोंगा देल्ला, तवा हात भुईवरच होता. मंग दीड तास काम केलं, जवळ कोनी नोतं. साडेनवाले हात वर, बकेट भरेल, अन् किसनराव खालून चालत आला. आमाले शिकवताना सांगतलं व्हतं, मानूस दिसला की भोंगा. म्या भोंगा दाबला. त्यानं वर पाह्यलं. अन् हात खाली."

किसनरावाला सावध करायला भोंगा वाजवला, असं धर्मपाल म्हणत होता. भोंगा वाजवून त्याला जागेवर थांबवला आणि मग बकेट टाकली, असं सगळा तळ म्हणत होता. तोच भोंगा दोन्हीकडून साक्ष देत होता.

"श्रावण," मी परत येऊन विचारलं, "तू भोंगा काहून नाई वाजवला?"

"मी कवाच नाई वाजवत. फालतू. ते त्याचे नखरे."

४

भोंगा ऐकलेलं माणूस शोधायचं होतं. स्वयंपाकाला पंचफुलाबाई होती. चाळीस माणसांच्या भाकरी थापणारी, तोंडाने तिखट.

"ऐकला नाई तं काय. रोजच ऐकतो. पन त्या दिशी बापा असा वाजला जसा कोनी त्याचा गया दाबला. भोंऽऽ नाई. भ्यांऽ, अन् मेला."

"नक्की?"

"माह्ये कान गेले काय? तुमी कीर्तनकार ना? तं बसलेला गया तुमाले समजत नाई?"

वामनराव मटकन चुलीशेजारच्या दगडावर बसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शालिकराम, मागच्या चैत्रात आपल्या पेटीचा भाता फाटला होता, आठवते?"

"हाव. उंदरानं कुरतडला होता."

"एक सूर दाबला तं काय होये?"

"बरा वाजे."

"अन् त्याच्यासंग खर्जाचा मोठा सूर दाबला तं?"

मी बोटांनी हवेतच दोन सूर दाबून पाहिले. खर्जाचा सूर दाबला की तो सगळी हवा ओढे. स्वतः तर बसका वाजेच, पण वरचा लहान सूर पार मरून जाई. बोट उचललं की लहान सूर पुन्हा जिवंत.

"कॉइल म्हंजे लहान सूर," वामनराव म्हणाले. "भोंगा म्हंजे खर्ज. दोघायचा भाता एकच. तो भाता फाटेल हाय. एकट्या कॉइलचं भागते, म्हणून आपल्यापुढं हात पडला नाई. भोंगा दाबला की दोघंई उपाशी. भोंगा सोडला की कॉइल जागी, म्हणून लिव्हर वढताच हात सपकन उठला. श्रावणची गोष्ट खरी, अन् धर्मपालचीबी खरी."

तीन वाजले होते. साहेबांना बोलावलं, तळावरची झाडून सारी माणसं बोलावली. मशीनपुढे वीस हात जागा मोकळी केली. श्रावणने हात वर नेला. तो वरच राहिला.

"आता भोंगा दे," वामनराव ओरडले.

श्रावणचा अंगठा बटणावर गेला. भ्यांऽ, असा एक घुसमटलेला आवाज निघाला, आणि टनभराचा तो लोखंडी हात सरळ खाली कोसळला. पायाखालची जमीन हादरली. श्रावण सीटवरून उतरला आणि मशीनपासून लांब जाऊन उभा राहिला. रोज याच सीटवर बसायची त्याची इच्छा होती.

साहेब सावरले ते लवकरच. "म्हणजे कोणी तरी बिघाड केला. आणि मशीनला हात लावणारा तोच एक होता. हेही त्यानेच केलं असेल!"

सुटलेला माणूस पुन्हा जागच्या जागी अडकला होता.

५

भोकाशी जाऊन वामनरावांनी धर्मपालला सारं सांगितलं. तो ताडकन म्हणाला, "भोंगा अन् कॉइल, दोघायचे परतीचे वायर एकाच बोल्टवर हायेत. केबिनमांगं. वीज जशी येते तशी परतबी जावं लागते ना? तो अर्थचा बोल्ट. तो पाह्यला?"

वामनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"पाह्यला का नाई?"

"पाह्यला," वामनराव म्हणाले. "त्याले शेंदूर लावेल होता."

"मंग?"

"मंग... हात जोडले, अन् झाकन लावलं."

मग तो हसला. त्या भट्टीत, कालपासून कोंडलेला तो माणूस खरोखर हसला.

"वामनराव, तुमी पाया पडून बिघाड निघून जात नाई, बाप्पा."

वामनरावांचा चेहरा मी चौदा वर्षांत तसा पाहिला नव्हता. ते उठले, मशीनपाशी आले, झाकणी उघडली. नट बोटानेच फिरला, कोणी पान्याने आवळलाच नव्हता. नाड्याचे दोन वेढे वायरींच्या टोकांखाली, बोल्टच्या बुडाशी. म्हणजे आधी नट काढला, नाडा बांधला, शेंदूर फासला आणि नट हाताने परत लावला. नखाने शेंदूर खरवडून पाहिला. नख घसरलं. तो काचेसारखा टणक झाला होता.

"देवळातला शेंदूर बोटाले लागते," वामनराव पुटपुटले. "हा काहून नाई लागत?" त्यांनी तो हुंगला. मग साहेबांकडे वळले. "साहेब, नळ बसवणारे सांध्याले काय लावतात?"

"शेंदूर आणि जवसाचं तेल. दोन दिवसांत दगड होतो."

"त्याच्यातून वीज जाते?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"नट ढिला, मधात सूत, वर हा लेप. बोल्टच्या आट्यायमधून जेवढी घुसली तेवढीच वीज परत जाये. हाच फाटका भाता. आता मले सांगा, ज्यानं पूजा कराले भर तळापुढं नाई म्हनलं, तो चोरून शेंदूर लावन? अन् ज्याले बोल्टचं काम समजते, तो मशीन बिघडवाले नाडा बांधन? हे बिघडवनाऱ्याचं काम नाई. हे भजनाऱ्याचं काम हाय."

मी तोवर पंचफुलाबाईकडे पोचलो होतो. देवाला तळावर तिळाचं तेल कुठून आणणार? तिच्या छपरात होतं ते फक्त जवसाचं.

"नवमीले तेल कोनी मागतलं?"

"नत्थुजीनं. वाटीभर. माह्या पोतडीतला नाडाबी नेल्ला. काहून?"

नत्थुजी म्हणजे तळाचा म्हातारा चौकीदार. तो गर्दीत मागे उभा होता. त्याने तिचं बोलणं ऐकलं, आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरला.

"म्या केलं," तो म्हणाला. "पन वाईट नाई केलं, साहेब. मुकादम म्हने, मशीन त्या पोराले खाईन. त्यो पूजा करत नोता. मले तापात त्यानं पाठीवर घेऊन परतवाड्याले नेल्लं होतं. मंग म्या म्हनलं, त्याच्या वाटची आपुन करू. दिसली तं रागावन, म्हनून आतमंदी केली. फिटर एकडाव म्हने, समद्या वायरी अठीच येतात, ह्या मशीनचा जीव अठी हाय. म्हनून..."

ज्याला वाचवायला नाडा बांधला, त्याला त्याच नाड्याने कालपासून टिनात ठेवलं होतं. आणि किसनरावाचा पाय तर गेलाच होता.

"काल काहून नाई सांगतलं?" वामनरावांनी हळूच विचारलं.

"पुसलं ते, मशीनचं वाईट कोनी केलं. म्या वाईट कोठी केलं होतं?"

६

धर्मपालला बाहेर काढलं तेव्हा उजेडाने त्याचे डोळे मिटले. अंगातला सदरा भिजून वाळला होता, त्याच्यावर मिठाचे पांढरे डाग. पंचफुलाबाईने तांब्या पुढे केला. त्याने तोंड धुतलं, आणि पहिलं पाहिलं ते मशीनकडे.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग फौजदारांना नाव याचं द्यायचं. नत्थुजी, चल गोदामात."

नत्थुजी निमूट निघालाही. धर्मपाल दारात आडवा उभा राहिला.

"नाई."

"अरे, याच्यामुळे तू आत होतास!"

"आत मी तुमच्यामुळं होतो, साहेब. यानं बोल्ट ढिला ठिवला. तुमी कुलूप लावलं. फौजदाराले काय झालं ते सांगा, खरं खरं. पन ह्या टिनात आता कोनालेच टाकाचं नाई." त्याने कुलूप कडीतून काढलं आणि दरीत भिरकावलं. ते खाली पडल्याचा आवाजही आला नाही.

राहिला होता बोल्ट. लेप घासून लोखंड उघडं केल्याशिवाय मशीन भरवशाने हलवता येणार नव्हतं, आणि मशीन हलल्याशिवाय कोणी त्या खिंडीतून सुटणार नव्हतं. मी पॉलिश कागद धर्मपालपुढे धरला. त्याने हात मागे घेतला.

"मी नाई घासत. आज घासलं तं उद्या म्हनतीन, यानं देवाचा शेंदूर खरवडला. जो मानते त्यानंच घासावं."

कागद नत्थुजीपुढे गेला. त्याने दोन्ही हात दुपट्ट्यात लपवले. श्रावणने मान फिरवली. चाळीस माणसं उभी होती, आणि कोणी पुढे येईना.

वामनरावांनी वहाणा काढल्या. त्या बोल्टपुढे ते हात जोडून उभे राहिले, ओठ काही तरी हलले. मग त्यांनी नाडा सोडवून कपाळाला लावला, नत्थुजीच्या हातात दिला आणि कागद घेऊन घासायला बसले. लाल भुकटी त्यांच्या धोतरावर पडत होती. मी त्यांच्या मागे उभा राहून वायरींची टोकं घासत होतो. अर्ध्या तासाने खालचं लोखंड चांदीसारखं दिसलं. टोकं बसवली, आणि नट पान्याने करकचून आवळला.

पलीकडे फौजदारांची जीप येऊन थांबली होती. तेही पट्ट्यांवरून चढून आले आणि उभे राहून पाहू लागले.

धर्मपाल सीटवर बसला. इंजिन घुमलं, हात वर गेला. आता भोंगा. तेवढ्यात गर्दीतून नत्थुजी चालत निघाला, आणि नेमका बकेटच्या खाली जाऊन उभा राहिला. नाडा मुठीत धरलेला, डोळे मिटलेले.

"वाजव, बापू," तो म्हणाला. "पडला तं माह्यावर पडन."

पंचफुलाबाई ओरडली. फौजदार पुढे धावले. धर्मपालने भोंग्याला बोटही लावलं नाही. त्याने हात सावकाश फिरवून म्हाताऱ्याच्या अंगावरून बाजूला नेला, जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"नत्थुजी, बकेटखाली मानूस उभा राहात नाई. तुमी नाई, मी नाई, कोनीच नाई. हे मी कोनासाठीबी मोडत नाई."

"मंग मी काय करू?" म्हातारा हुंदके देत होता. "मले काही तं कराले सांग!"

धर्मपालने त्याच्या दंडाला धरून त्याला मशीनच्या पायरीवर चढवलं, केबिनमध्ये आपल्याशेजारी उभं केलं. इंजिन पुन्हा घुमलं. भरलेली बकेट उंच उंच गेली आणि कातळाच्या माथ्याशी थांबली. खाली कोणी नव्हतं.

"दाबा," धर्मपाल म्हणाला.

नत्थुजीने अंगठा टेकवला. त्या अरुंद खिंडीत भोंगा असा मोकळा, भरदार वाजला की दरीतले पक्षी उठले. हात तसूभरही हलला नाही. म्हातारा वर बकेटकडे पाहत होता, गाल ओले, आणि अंगठा काही केल्या उचलत नव्हता. धर्मपालनेही त्याला थांबवलं नाही.